उघड्या माईकची वीस मिनिटं

सर,

परवाच्या रविवारी आपण सगळे गावाबाहेरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर गेलो होतो. आपण म्हणजे आपला हॅम रेडिओचा क्लब. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी क्लबाबद्दल बोलताना माझ्या तोंडी 'आपण'च येतं. दरवर्षीसारखे दोन बांबू उभे करून तार ताणली, गाडीच्या बॅटरीवर सेट लावला आणि उन्हं चढायच्या आत श्रीलंकेतला एक माणूस बोलायला मिळाला. मग कातळावर बसून घावणे खाल्ले. यंदा सातआठ नवीन माणसं परवान्याच्या परीक्षेला बसणार आहेत. त्यांना पहिला धडा देण्याचं काम आता माझ्याकडे असतं, आणि तो धडा तुमचाच असतो, तुम्ही मला दिलात तसा. मी तेव्हा वर्कशॉपात वायरिंग करायचो. संगमेश्वराकडच्या खेड्यात मराठी शाळेत शिकलेला, इंग्रजी अक्षरांची रेडिओवरची नावं पाढ्यासारखी पाठ करून आलेला. तुमच्या ओटीवरचा माईक दिसला तसा उचलला आणि हॅलो हॅलो सुरू केलं. तुम्ही तो हातातून काढून घेतलात. "आधी ऐक. तिथं दोघं बोलतायत. वाट तुझ्या एकट्याची आहे काय?" त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की परत यायचंच नाही असं ठरवून मी गेलो, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलो.

मला तुम्हाला चिपळूणच्या पुराच्या त्या दिवसाबद्दल लिहायचंय. फोन सगळे बंद पडले होते. तुम्ही चौघांना घेऊन पहाटेच निघालात, सत्तरीला टेकलेले, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला वॉकीटॉकी. मला तुम्ही न्यायला तयार नव्हता. "तू बेस सांभाळ. तुझा आवाज स्वच्छ आहे," एवढंच म्हणालात. बेस म्हणजे तुमच्या ओटीवरचा मोठा सेट. डोंगरावरचा आपला रिपीटर प्रत्येकाचा आवाज घेऊन बाकीच्यांना पोचवतो, मी तो ऐकून नोंदवहीत लिहायचा आणि निरोप पुढे द्यायचा. दुपारी बाराच्या सुमाराला तुमचा आवाज आला, "पाणी छातीला आहे, पुढे जातोय," आणि नंतर काहीच नाही. मी दोनदा हाक मारली, उत्तर नाही. काकू आत स्वयंपाकघरात होत्या, त्यांना काय सांगणार? मला देवाला गाऱ्हाणं घालण्याशिवाय काही सुचलं नाही. गाऱ्हाणं घालायचं तर दोन्ही हात जोडायला हवेत, म्हणून माईक खाली ठेवला. वाऱ्यानं पानं फडफडत होती, म्हणून ती जाड नोंदवही त्याच्यावर ठेवली. डोळे मिटले आणि गावच्या देवाला मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, गावाकडे होळीला घालतात तसं. दर मागणीमागे 'व्हय म्हाराजा' अशी साथ द्यायला दुसरं कुणी नव्हतं, तेही मीच म्हणत होतो.

नंतर काकूंनी चहाला हाक मारली. त्या चुलीपाशी पाटावर बसलेल्या आहेत, मी उंबऱ्यात, आणि आम्ही दोघंही तुमचं नाव न काढता पावसाबद्दल बोलतोय. परत येऊन बघतो तर सेटवरचा तांबडा दिवा लागलेला. वहीखाली माईकचं बटण दाबलेलंच होतं. वीस मिनिटं. एकाचं बटण दाबलेलं राहिलं की रिपीटर त्याच्याच ताब्यात जातो आणि बाकीच्यांची तोंडं बंद होतात, हे मीच नव्या माणसांना सांगत असे. माईक उचलल्याबरोबर तुमचा आवाज आला. "बेस, ऐकतोयस का?" मी म्हटलं, "ऐकतोय, सर." "बरं," तुम्ही म्हणालात. तुम्ही जिवंत आहात या आनंदात मी नोंदवहीत त्या वीस मिनिटांची जागा कोरी सोडली.

तुम्ही परत आलात तेव्हा कळलं, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी बाई दम लागून तळमळत होती, तिच्यासाठी तुम्ही होडी मागवली होती, आणि होडी उशिरा पोचली. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात वारली. तुम्ही निरोप दिल्याची वेळ सांगितलीत ती माझ्या कोऱ्या जागेतली होती. आठ दिवसांनी क्लबाची बैठक झाली. तुम्ही विचारलंत, "रिपीटर वीस मिनिटं अडकला होता. कोणाचा माईक?" सगळे खाली बघत होते. मीही बघितलं. तुम्ही पुढच्या विषयाकडे वळलात. त्या रविवारी तुम्ही जुन्या कपाटाचा एक पितळी हूक आणलात, सेटशेजारच्या खांबाला स्वतः ठोकलात आणि म्हणालात, "माईक इथं टांगायचा. हात मोकळे हवेत तेव्हासुद्धा." मला वाटलं, सगळ्यांसाठीच सांगताय.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. दर रविवारी मी तुमच्या ओटीवर असायचो, आंब्याच्या दिवसांत करंडी घेऊन यायचो, आणि दर वेळी पायऱ्या उतरताना म्हणायचो, पुढच्या रविवारी सांगू. मग तुम्हाला खांद्यावरून नेलं तेव्हाही मी पुढेच होतो. गावच्या देवळात मी दर वर्षी त्या बाईच्या नावानं एक नारळ ठेवत आलो. तिचं नाव मला माहीत नाही, म्हणून 'दुसऱ्या मजल्यावरची आजी' असं म्हणून ठेवतो. पुजाऱ्यानं एकदा विचारलं, "कोण तुमच्या?" मी म्हटलं, "लांबच्या."

तर परवा सड्यावर मी नेहमीसारखं सांगत होतो की माईकवर काही ठेवू नका, आपल्या क्लबात एकदा पुराच्या दिवशी असं झालं होतं. नव्यांपैकी बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी सरळ विचारलं, "कोणाच्या हातून झालं?" इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या." आणि म्हातारीचंही सांगून टाकलं.

मिरकरवाड्यातले आपले चाचा शेजारीच बसले होते. ट्रॉलरवरचे वायरलेस दुरुस्त करायचे ते, त्या दिवशी तुमच्याबरोबर चिपळुणात होते. आता दिसतं कमी, ऐकू मात्र सगळं येतं. ते घावण्याचा तुकडा तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"आज सांगतोस होय, मेल्या? तुझं गाऱ्हाणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं ना."

मला कळेचना. चाचा सांगायला लागले. तुम्ही सगळे एका शाळेच्या जिन्यावर उभे होता. वॉकीटॉकीतून अचानक मी. "'बा देवा म्हाराजा, आमचे सर पाण्यात गेलेत. माणूस तापट आहे, पण आमाला तोच आहे. गेले तसे घरी आण रे म्हाराजा.' आणि व्हय म्हाराजा पण तूच म्हणतोस. एकट्याचं ते ऐकवेना, म्हणून मग आम्हीच म्हटलं. मी पण म्हटलं."

"आणि सर?"

"सर वॉकीटॉकी कानाला धरून होते. तू थांबलास, मग म्हणाले, देवाला सांगतानासुद्धा हा ओव्हर म्हणायला विसरला. आणि लगेच आम्हाला रिपीटर सोडून थेट एकमेकांशी बोलायच्या फ्रिक्वेन्सीवर घेऊन गेले. म्हातारीचा निरोप त्याच्यानंतर आला रे बाबा. तोवर मी होडीवाल्यांच्याजवळ जाऊन उभा होतो, सरांनी निरोप दिला तो थेट माझ्या कानात. होडी निघाली ती त्याच मिनिटाला. पुढे तिच्या पंख्यात कुणाची तरी कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळली. ती कापायला पाऊण तास. तुझा काय संबंध?"

मी विचारलं, मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही. चाचा म्हणाले, "सरांनी दम भरला होता. कुणी तोंड उघडायचं नाही, त्याचं त्याला सांगू दे. आम्हाला काय ठाऊक तू म्हातारीला उरावर घेऊन बसलायस? आम्हाला वाटलं, गाऱ्हाण्याची लाज वाटते." मग त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि बँकेतल्या बाईंना म्हणाले, "शिकवायला बरा आहे हा. फक्त सोबत कुणीतरी बसा."

सगळे हसले, सर. मीही हसलो, आणि उठून तार नीट ताणली आहे का ते बघायला कातळाच्या टोकापर्यंत गेलो. तार नीटच होती. खाली खाडी चमकत होती. डोक्यावरची इतक्या वर्षांची भरलेली पाटी कुणीतरी दोन्ही हातांनी उतरवून घ्यावी तसं वाटलं. नारळ मी यंदाही ठेवणार आहे, पण आता तो दंडाचा नाही.

आज सकाळी बेसवर बसलो. बेस अजून तुमच्याच ओटीवर आहे, काकूंनी हलवू दिला नाही. हजेरी घेतली, एकेकानं आपापला परवान्यावरचा कॉलसाइन सांगितला, शेवटी मी नेहमीसारखा थोडा वेळ ऐकत राहिलो आणि मग माईक हुकाला टांगला. तुम्ही हूक ठोकलात तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं हे मला आता कळलं. हा कागद घडी करून नोंदवहीत ठेवतो, त्या दिवसाच्या कोऱ्या जागेपाशी. याच्या पलीकडे तो कुठं जाणार नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायची राहिली. त्या दिवशी चिपळुणात हजारो माणसं पाण्यात होती, आणि मी देवाकडे त्यांच्यापैकी कुणालाच मागितलं नाही. फक्त तुम्हाला मागितलं. तुमच्या तोंडावर ते मला सहा वर्षांत काय, साठ वर्षांतही बोलता आलं नसतं. ते तुमच्या कानावर गेलं, याचं मला आता वाईट वाटत नाही.