माय, तू भजन सोडलंस तेव्हा

माय, तुझ्या दम्याचं मी भाषांतर केलं होतं, आठवतं का? परभणीच्या डॉक्टरांना एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणि उर्दूत हवी होती. दम्यानं माणसाचं रोजचं जगणं किती अडतं, ते तिच्यातून कळायचं. दोन्ही भाषा येणाऱ्या रोग्यांना दोन्हींतून विचारायचं आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. ज्यांचं जास्त अडलेलं, त्यांना तोंडानं ओढायचा नवा पंप मिळणार होता. मराठी माझ्याकडं आली, कारण वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करणारा माणूस भाषेत हुशार असतो, असा तेव्हा समज होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून अख्खा मराठवाडा हमरीतुमरीवर आलेला, आणि मी झुंजतोय कशाशी, तर ‘कुत्र्याला फिरवताना दम लागतो का?’ या प्रश्नाशी. आपल्या ताडकळसात कुत्रं आपलं आपण फिरतं. मी तिथं घागर आणली, चूल आणली आणि स्वतःवर खूश झालो.

पहिली परीक्षा तुझीच. तू भाकरी थापतेयस, मी उंबऱ्यावर कागद घेऊन बसलोय. “चुलीपाशी दम लागतो?” “न्हाई रं.” “घागर उचलताना?” “काय बी तरास न्हाई. तू जेव आधी.” “दम्यामुळं काही सोडावं लागलं?” “म्या काय सोडायलेय? गरम हाय तवर खा.” सोमवारचं भजन तू कधीच सोडलं होतंस, पण ते देवाला नवस बोललीस म्हणून, असं तूच सांगितलेलं. त्यावर मी म्हणालो होतो, “तुझा आवाज थांबावा म्हणून देवानंच नवस केला असंल.” सगळ्यांत जास्त तूच हसलीस, पार खोकला येईपर्यंत.

मग परभणीला उर्दूची पाळी. सिस्टरनं तुझा हात हातात घेतलाय, मी पडद्याबाहेर. “खाला, बीमारी से कुछ छूटा क्या?” आणि तू निजामाच्या अमलात शेजारणींकडून उचललेल्या बोलीत सांगतेस, “गाना छूटा ना बेटी. एक कडी में तीन बार दम टूटता. लोगां हसते करके मन्नत का नाम ली. बेटे कू नक्को बोल.”

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “बाई एकच, उत्तरं दोन. कुठलं भाषांतर चुकलं?” कडव्यात तीनदा तुटणारा दम, लोक हसतील म्हणून घेतलेलं नवसाचं नाव, मी सगळं ऐकलं होतं. पण माझी मराठी चुकते? शिवाय मला न सांगितलेलं तू त्या परक्या पोरीला सांगितलंस, याचा राग होताच. म्हणालो, “उर्दूत थोडी अदाकारी असतेच, डॉक्टर. मराठी धरा.” दोघंही हसलो. भाषांतर कुणाचंच चुकलं नव्हतं. आई लेकाला असलं सांगत नसते, एवढंच. पंप दुसऱ्यांना गेले, तुला जुन्याच गोळ्या. परतताना एस.टी.च्या पायरीवर तू दांडा धरून थांबलीस. “तरास होतोय?” “न्हाई.” मी पुढं होऊन जागा धरली. पुढच्या थंडीत तू गेलीस.

गावात तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो, आणि अवघड मजकूर आला की गाळायचो. हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही. पण तू असतीस आणि हे माझ्यापुढं करून “काय लिवलंय रं?” म्हणाली असतीस, तरी मी घडी घालत म्हणालो असतो, “काही नाही माय, सगळे खुशाल आहेत.”