सिंहिणीचा उपास

बाबा, सकाळपासून पोटात नुसता चहा आहे आणि तुमची आठवण थांबत नाहीये. गिरीज गावातल्या आपल्या केळीच्या वाडीत तुम्ही हौसेने प्राण्यांची बाग मांडली होतीत. मोर, ससे, एक आळशी अजगर, आणि बंद पडलेल्या सर्कशीने तुमच्या गळ्यात मारलेली सिंहीण. तुम्ही तिला बाय म्हणायचात. रविवारी शाळांच्या सहली यायच्या, सोमवारी बाग बंद. त्या दिवशी बायला मांस नाही. अशा जनावराच्या पोटाला आठवड्यातून एक दिवस विसावा लागतो म्हणे, आणि तुमचा सोमवारचा उपास होताच. तुम्ही पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायचात, ती जाळीला पाठ लावून पडायची. आई म्हणायची, "माझ्यासंगं कधी धरला नाय असा उपास!"

मग नवा कायदा आला. बागेला दिल्लीची मान्यता हवी, डॉक्टर हवा, मोठं आवार हवं, नाहीतर सिंहीण सरकारी केंद्रात जाणार. कायदा चुकीचा नव्हता, बाबा. बाय उठून वळली की भिंत लागायची. पण ती म्हातारी झाली होती, आणि भुलीचं इंजेक्शन तिला झेपेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती आपल्या पायांनी गाडीच्या पिंजऱ्यात गेली तरच निभावणार होतं. तुम्हीच सुचवलंत, "सोमवारी या. भुकेली असेल, मांसामागं जाईल."

तिथेच चुकलं. सोमवारी गाडीच्या पिंजऱ्यात मांस ठेवलंय आणि बाय जागची हलत नाही. ती तुमच्याकडे बघतेय. तुम्ही खुर्चीत, दर सोमवारसारखे. डॉक्टर भुलीची बंदूक भरतायत, आई देव्हाऱ्याकडे धावलीय, मी न्याहारीचा पाव हातात धरून उभी आहे. एकदम तुम्ही उठलात, खुर्ची केळीत भिरकावलीत, माझ्या हातातला पाव ओढून घेतलात आणि तिच्यासमोर कचाकचा खाल्लात. "बाय, आज सोमवार नाय गं! जा, खा!" तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाय उठली, तिने आळस दिला आणि आत गेली.

गाडीबरोबर आलेल्या सरकारी साहेबांना तुम्ही एकच विचारलंत, "तिकडं हिचा उपास कुठल्या वारी?"

"काका, ते तिकडचे लोक बघतील," साहेब म्हणाले.

तुम्हाला उत्तर मिळालंच नाही. शेवटच्या आजारातही दर सोमवारी तुम्ही विचारायचात, "बायला आज कोन खायला तर देत नाय ना?" मी नाही म्हणायची. मला काय ठाऊक!

तुमच्यानंतर मी केंद्रात जाऊन आले. बाय जिवंत होती, झाडाखाली, ऐसपैस जागेत. तिची देखभाल करणारा माणूस सांगत होता की सगळ्यांचा उपास मंगळवारी असतो. हळूहळू सवय झाली तिला, म्हणाला. घरी येऊन मी ते मोठ्याने तुमच्या फोटोला सांगितलं.

आता बायलाही जाऊन कितीतरी वर्षं झाली. सून कौतुकाने विचारते, "आई, मंगळवार गणपतीचा ना?" मी मान डोलावते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहायला धीर झाला, बाबा: गणपतीचा माझ्या उपासाशी काही संबंध नाही.