नीलकंठरावांचा विस्तव

२४ सप्टेंबर, फुनाबोरी
मिळाली एकदाची नोकरी! बाइतोच, म्हणजे अर्धवेळ, आठवड्यातले चार दिवस. पण घरात बसून भिंती बघण्यापेक्षा शतपटीने बरी. कोतोमध्ये कालव्याकाठी एका शेडमध्ये विलायती वाफेचं रेल्वे-इंजिन जपून ठेवलंय. मँचेस्टरला घडलं, बोटीने इथे जपानात आलं, साठ वर्षं कोळशाच्या बंदरात राबलं. मी त्याचं पितळ घासायचं आणि पाहुण्यांना इंग्रजीत माहिती द्यायची. धुराड्याला निळा पट्टा, म्हणून मी नाव ठेवलं नीलकंठराव. ऋषी म्हणाला, संपदा, नवऱ्याला कधी राव म्हणाली नाहीस!

२६ सप्टेंबर
शेड सांभाळणारे कुरोदासान ऐंशीचे, पण भारी काटेकोर. रोज सकाळी भट्टीचं दार उघडायचं, आत बोट दाखवायचं, मोठ्याने म्हणायचं, आग नाही. दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. रेल्वेची जुनी रीत. मला मेलं हसूच येतं. आत काडीसुद्धा पेटवायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. शेवटच्या फायरमनची, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्याची, पाळी घ्यायला कुणी आलंच नाही, त्याने भट्टीपाशीच प्राण सोडला म्हणे.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी! कुरोदासान दवाखान्यात गेलेले. बाबांच्या वर्कशॉपात लेथलासुद्धा हळदकुंकू लागायचं, मग नीलकंठरावांनी काय घोडं मारलंय? ऋषीला रजा घ्यायला लावली. हार, नारळ, सगळं केलं. वाऱ्याने वात टिकेना, म्हणून निरांजन भट्टीत ठेवलं. ऋषी नको नको म्हणत होता. मीच हट्टाने त्याच्या हातून लावून घेतलं. दोन मिनिटांत विझवून निरांजन घरी आणलं.

२ ऑक्टोबर
भट्टीचं दार कोमट लागलं. ऊन पडत असेल.
ऋषीला हुडहुडी भरलीय. ताप नाही, उलट थर्मामीटर पस्तीसवर, सदतीस हवं तिथे.

४ ऑक्टोबर
बॉयलरमध्ये थेंबभर पाणी नाही, तरी दाबाचा काटा हललाय. ऋषी चौतीस. डॉक्टरांना काही सापडत नाही. चार पांघरुणं घातली तरी पाय बर्फ. मला भीती वाटतेय.
सकाळी मी म्हटलं, आग नाही. कुरोदासान परत म्हणालेच नाहीत.

५ ऑक्टोबर
त्यांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत, रडले. म्हणाले, ज्याने आग लावली त्याचीच ऊब भट्टी खाते, दुसऱ्याने पाळी घेईपर्यंत. बोट दाखवून म्हणायचं, आग माझ्याकडे. आतून कुणी तेच परत म्हणालं की पाळी बदलली.
उद्या मी घेतो, म्हणाले. ऐंशीचा माणूस! माझ्या हट्टापायी?

६ ऑक्टोबर, दुपार
ऋषीला हॉस्पिटलात नेलं. बत्तीस. बोलत नाही — मला ओळखत नाही —
मी शेडमध्ये. कुरोदासानच्या आधी पोचले. आतून कडी लावलीय.
भट्टीत निरांजन जळतंय. तेच. घरी देव्हाऱ्यात ठेवलेलं —
बोट दाखवलं. म्हटलं.
आतून कुणीतरी परत म्हटलं. मराठीत. माझ्याच आवाजात.

ऋषीचा मेसेज! घाम फुटलाय, बरं वाटतंय, तू कुठेयस. देवा, पावलास रे!
हात गार पडलेत — अक्षर नीट — नखं निळी —
पुन्हा मेसेज. आतून कडी बघून कुरोदासाननी त्याला फोन करून सांगितलं. सगळं. तो निघालाय, टॅक्सीत आहे —
फोनवर बोटं उमटत नाहीत. म्हणून इथेच लिहिते —
ऋषी, वही मिळाली तर आधी हे वाच. भट्टीकडे बोट दाखवू नकोस. शपथ आहे माझी. काही म्हणू न —