नर्सबाईंची ओटी

तीर्थरूप आईस,

विधवेला पत्र लिहिताना नावाआधी गं. भा. लिहायचं असतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. आता तुला काय फरक पडतो?

तू जाऊन दोन महिने होत आले. मला अजून रडू येत नाही. पोटुशी बाईने रडू नये, म्हणून सगळ्यांना ते बरंच वाटतं. मी डोंबिवलीच्या घरात बसून दुपटी शिवते, उसवते, परत शिवते.

आज लिहायला बसले ती सासूबाईंमुळे. माझं नाव तुझ्याच कल्याणच्या सूतिकागृहात घातलंय. तुझ्या जागी नर्स म्हणून गोदूताई आल्या आहेत. त्यांचंही कपाळ तुझ्यासारखंच मोकळं. सासूबाईंनी सकाळी विचारलं, "अगं, या नर्सबाईंना द्यायचं तरी काय? तुझ्या आईला पगार किती होता?"

पगाराचा आकडा मला कधी कळलाच नाही, आई! पगार झाला की तू भाडं आणि रेशनचे पैसे बाजूला काढायचीस आणि उरलेल्याकडे बघून हसायचीस. "साहेब म्हणतात, बाळंतपण करणं पुण्याचं काम. मग पगार कशाला वाढवतील?" माझी शाळेची फी निघायची ती बक्षिसीतून. मुलगा झाला की रुपया आणि पेढे. मुलगी झाली की बाप खिसे चाचपायचा आणि म्हणायचा, "बारशाला बघू."

बारशाला तुला बोलावत, पण मागच्या दाराने. तिथेच शिधा देत, कधी जुनं लुगडं. ओटी भरायची ती सवाष्णींची. बाळाला पहिला हात तुझा लागलेला, आणि पाळण्याला हात लावायची चोरी! कसं गं सोसलंस? एकदा तरी चिडायचंस.

मोहने गावातली ती कोवळी बाळंतीण आठवते? नवरा कारखान्यात, घरात मोठं माणूस कुणी नाही. तिच्या बाळाच्या बारशाला मी परकर सावरत तुझ्याबरोबर आले होते. तू मागच्या दाराकडे वळलीस, तर ती म्हणाली, "तिकडं कुठं चाललाव बाई? या की आत!" तिने तुला पाटावर बसवलं आणि ओटीचं ताट आणलं. तुझी पांढरी साडी तिला नर्सची वाटली. तुझ्या कपाळाकडे बघून तिने विचारलं, "ड्युटीवर कुंकू लावायची परवानगी नसती व्हय तुमाला?"

तू म्हणालीस, "नसते."

तू खोटं बोललीस, आई! माझ्याकडे न बघता. तिने तांदूळ, नारळ, खण तुझ्या पदरात घातले आणि कुंकवाची पुडी दिली, घरी गेल्यावर लावा म्हणून. खणाचं तू मला पोलकं शिवलंस. पुडी देवाजवळ ठेवलीस. त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुझं घर आवरताना ती पुडी मी इकडे आणली. फारच हलकी आहे गं.

सासूबाई तशा वाईट नाहीत. म्हणाल्या, "हातावर पाच रुपये ठेवू. पण बारशाला नको हो बोलवायला, चांगलं दिसत नाही." मी मान हलवली. हल्ली मी सगळ्यालाच मान हलवते. मग आत येऊन दुपटं हातात घेतलं, आणि सुई पुढे जाईना.

म्हणून तुला शब्द देते. मुलगा होवो नाहीतर मुलगी, गोदूताई आमच्याकडे पुढच्या दाराने येतील. पाळण्याची दोरी आधी त्यांच्या हातात देईन. ओटी मी स्वतः भरीन, चांगला इरकली खण घालून. सासूबाई रागावल्या तर रागावू देत.

गोदूताई स्वतःच मागे सरतील, हे मला ठाऊक आहे. "अहो, मी..." म्हणतील. तेव्हा मी सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं विचारीन, "ड्युटीवर कुंकू लावायची परवानगी नसते ना तुम्हाला?" आणि तुझी पुडी त्यांच्या मुठीत देईन.

तुझीच,
कुसुम