सुटलेली दोन अंगं

लातूर,
गुरुवार, १५ मे २०२५

प्रिय आक्का,

वाहिगुरूजी का खालसा, वाहिगुरूजी की फतेह.

तुझी शुगर कशी आहे? गोळ्या जेवणाआधीच्या जेवणाआधी घे, नंतर आठवण झाली म्हणून नंतर नको. दाजी होते तेव्हा ते वाटीत काढून ठेवायचे, आता तुझं तुलाच बघायचंय. इकडं तुझ्या भावजयीचा, सतवंतचा गुडघा धरलाय, टँकर नवव्या दिवशी आला आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं आहे. बाकी महाराजांची कृपा.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. तीनदा फोन केला, आक्का. तिन्ही वेळा तूच बोललीस आणि मी नुसतं 'हाव, हाव' करून ठेवला. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून हे.

मागची खोली रंगवून घेतलीस म्हणे. कमिटीच्या मोहकमसिंघजींनी मोहल्ल्याच्या गुरुद्वाऱ्यात मुख्य पाठी म्हणून माझं नाव काढलं आणि तू माझ्या वतीनं होकारसुद्धा देऊन टाकलास. एक जूनपासून या, म्हणाले. अगं, मला एका शब्दानं विचारायचं तरी! पण विचारलं असतंस तर मी उड्याच मारल्या असत्या, तेव्हा तुझ्यावर चिडण्यात अर्थ नाही. बारा वर्षं मी नांदेडला परत यायची वाट बघितली. ते तुझ्याएवढं कोणाला माहीत?

इथलं काय सांगू. शिखांची चौदा घरं. त्यातली नऊ ट्रान्सपोर्ट नाहीतर स्पेअरपार्टवाली. रविवारी गुरुद्वाऱ्यात येणार, मत्था टेकणार, कडाहप्रसाद घेणार आणि जाताजाता, "ग्यानीजी, पंखा लई आवाज करून राहिला." पंखा काय आपल्या बापानं बसवलाय? लंगरला मात्र माणसं कमी पडत नाहीत. नीटच्या क्लासची पोरं-पोरी, कोणी मुखेडची, कोणी धर्माबादची, मेसचं खाऊन विटलेली, रविवारी ऐंशी-ऐंशी येतात. उद्याचे डॉक्टर सगळे, पण ताटाच्या मागच्या बाजूलाही वरण लागतं हे एकाला माहीत नाही. त्यांनी धुतलेली ताटं मी परत घासतो. सतवंत म्हणते, सेवा करताना पुटपुटायचंच असेल तर नाम घ्या, पोरांना शिव्या कशाला देता? शिव्या नाही गं देत. पुटपुटतो फक्त.

असं माझं मन. आणि तू सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरतेस की सुजानचं मन म्हणजे तळ्यातलं पाणी.

मागच्या आठवड्यात एक झालं. आमच्या शेजारी विरूपाक्षप्पांचं गोदाम आहे. मोंढ्यातले आडते, लिंगायत, गळ्यात लिंग. रोज दुपारी येतात, भिंतीला टेकून दहा मिनिटं बसतात आणि जातात. त्या दिवशी मला म्हणाले, "ग्यानीजी, मी रोज पूजा करतो, पण हातावर लिंग अन् डोक्यात सोयाबीनचा भाव. तुमचं बरं हाय. एवढं वाचता, तुमचं मन गारच असंल की."

आक्का, मी त्यांच्या अंगावर ओरडलो. "गार नाही माझं मन! तुमच्याहून वाईट आहे!" बिचारे दचकलेच. मग मलाच लाज वाटली, मी त्यांना बाहेर पायरीवर घेऊन बसलो, आणि जे तुला सांगायला हवं होतं ते त्या परक्या माणसाला सांगून बसलो.

त्यांना अखंड पाठ म्हणजे काय तेही सांगावं लागलं. की सगळे गुरु ग्रंथ साहिब, चौदाशे तीस अंगं, म्हणजे पृष्ठं, सलग दोन दिवस वाचायचे. वाचणारे पाठी दोन-दोन तासांनी बदलतात, त्या पाळीला रौल म्हणतात, पण आवाज थांबत नाही आणि एक ओळ सुटत नाही. दाजींसाठी फेब्रुवारीत तुझ्या घरी ठेवला होता तसा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते दोन रौल माझी होती.

त्या रौलमध्ये माझ्याकडून दोन अंगं सुटली. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली. नजरचूक झाली.

आता हे वाचून थांब. पाणी पी. मग पुढं वाच.

वर नजरचूक लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे, म्हणजे अजूनही माझा हात कसा चालतो ते तुला दिसेल.

झालं ते असं. पहिला अर्धा तास चांगलं चाललं होतं. तू डाव्या बाजूला भिंतीशी बसली होतीस. समोर मोहकमसिंघजी, डोळे मिटून. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कोणीतरी बोललं, "दाजी म्हणजे लई भला माणूस हो." आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लई भला! बारा वर्षांपूर्वी याच माणसानं गुरुद्वाऱ्याच्या कमिटीपुढं, अकरा जणांच्या देखत सांगितलं होतं, "सुजानचा आवाज चांगला आहे, पण मन जागेवर नसतं. त्याला मोठी जागा देऊ नका." सख्ख्या मेहुण्याबद्दल! म्हणून मी लातूरला आलो. तू दोघांच्या मध्ये नको अडकायला, म्हणून मी तुझ्यापाशी कधी हे बोललो नाही. तूही बोलली नाहीस. पण तुला माहीत होतं, आक्का. होतं ना?

तर जीभ वाचत होती आणि मी त्या कमिटीच्या बैठकीत जाऊन बसलो होतो. तेव्हा सुचली नव्हती ती सगळी उत्तरं दाजींना देत होतो. माणूस गेलेला, त्याच्याच नावाचा पाठ चाललेला, आणि मी त्याच्याशी भांडत होतो. भांडण जिंकतच आलो होतो, तेवढ्यात पान उलटलं आणि ओळ जुळली नाही.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. एक पान मागं घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण नेमके मोहकमसिंघजींनी डोळे उघडले. मागं गेलो असतो तर त्यांना दिसलं असतं, आणि दाजींचं बोलणं खरं ठरलं असतं. त्यांच्याच पाठात, त्यांच्याच घरात. म्हणून मी आवाज आणखी चढवला आणि पुढं गेलो.

दोन वाजता उठलो तर तू माझा हात धरलास. म्हणालीस, "सुजान, तू वाचून राहिला होतास ना, तेव्हा माझं मन पहिल्यांदा थांबलं." त्या रात्री तुला झोप लागली, तेव्हापासून रोज लागते, हे तू प्रत्येक फोनला सांगतेस. मोहकमसिंघजी सगळीकडं सांगतात, एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. मला कळतं, तुला आराम पडला तो गुरुबाणीनं पडला, माझ्यानं नाही. पण तू श्रेय मला देतेस आणि मी मुकाट घेतो. तोंडात मूग धरून तीन महिने घेतोय.

संध्याकाळी सांगता आलं असतं. अरदास करून माफी मागितली असती, सुटलेलं वाचून घेतलं असतं, सगळं तिथंच मिटलं असतं. मी काय केलं? लातूरला येऊन दार लावून ती दोन अंगं एकट्यानं वाचली. कोणाला फसवत होतो, देव जाणे.

विरूपाक्षप्पांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "आक्काला कळलं तर काय करतील त्या?"

"रडेल."

"अन् न्हाई कळलं तर?"

"मला मुख्य पाठी करून घेईल."

त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "मग तुम्हाला वाईट कशाचं वाटायलंय, त्यांचं का जागेचं?" आणि उठून सोयाबीन बघायला निघून गेले. चार दिवस झोप नाही. शेवटी कळलं, जागेचंच वाटत होतं.

आज सकाळी पोस्टात गेलो आणि मोहकमसिंघजींना पत्र रजिस्टर केलं. पावती इथं समोर आहे. त्यात हे सगळं लिहिलंय, आणि जागा नको हेही लिहिलंय. आधी ते टाकलं, मगच तुझं लिहायला बसलो. उलटं केलं असतं तर तू फोन करून म्हणाली असतीस, "होऊ दे सुजान, कोणाला कळलंय?" आणि मी ऐकलं असतं. हावरटासारखं ऐकलं असतं.

सोमवारपासून दाजींच्या नावानं पाठ सुरू केलाय. पहिल्या अंगापासून, एकटाच, सावकाश. दाजींशी भांडण सुरू झालं की तोंड मिटतो आणि जिथून मन सुटलं तिथं मागं येतो. काल तीन अंगांत सात वेळा मागं यावं लागलं. सतवंत म्हणते, या चालीनं दिवाळी उलटून जाईल. जाऊ दे. ते म्हणाले होते मन जागेवर नसतं. खरं म्हणाले होते, आणि त्या वेळी तुझ्या नवऱ्याला माझ्याशी वाकडं घ्यायचं काही कारण नव्हतं. हे त्यांच्या तोंडावर सांगायचं राहिलं, त्याचा मला फार त्रास होतो.

तुला लागायला लागलेली झोप मी या पत्रानं मोडतोय, तेही मला कळतं. तू माझ्यावर रागव. मनापासून रागव. समजूत तेवढी घालू नकोस, तुझ्या समजुतीवर मी साठ वर्षांचा होत आलो. मागच्या खोलीत भाडेकरू ठेव, घरात माणूस असलेलं बरं. पाठ पुरा होताना भोग ठेवीन, त्याची तारीख ठरली की कळवीन. तेव्हा सकाळची अहमदपूरवरून येणारी एसटी धरायची की नाही, हे तू ठरव.

शेवटी 'भूलचूक माफ' लिहून सही करायची आपल्या घरची पद्धत. या खेपेला ती ओळ लिहीत नाही, आक्का. ती भूल नव्हती.

तुझा धाकटा भाऊ,
सुजानसिंघ