डब्यात जपलेल्या गोळ्या

बारामती
९ जून १९९६

प्रिय श्रीपती,

तुझं पत्र मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी थोरल्या बहिणीचं ऐक.

सणसरला घरात संडास बांधलास म्हणून गावभर मिरवलास. पण बांधलास कुठं? ओट्याला लागून, पाहुण्यांना दिसावा म्हणून. ओट्यावर दिवसभर तू आणि तुझी चार रिकामटेकडी माणसं. सासऱ्यासमोरून सुनेनं तांब्या घेऊन जायचं कसं? पायलनं उपाय काढला. पाणीच प्यायची नाही. एकदा पहाटे जायची, मग थेट अंधार पडल्यावर.

लघवीला आग व्हायला लागली तेव्हा तिची सासू, तुझी चतुरा, म्हणाली, "उष्णता हाय," आणि धण्याचं पाणी पाजलं. मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. लघवी तुंबवली की जंतू आत घर करतात. मी तिला इथं आणलं, लघवी तपासली, डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं तरी संपवायच्याच, हे चतुराला मी दोनदा बजावलं. तिसऱ्या दिवशी आग थांबली. चतुरा म्हणाली, "आता बरं हाय न्हवं? मग कशाला पोट जाळायचं? ठेव डब्यात, कुणाला तरी व्हतील." तुझ्या घरात गोळ्या सुनेपेक्षा जास्त जपतात.

महिन्याभरात हुडहुडी भरून ताप आला, कुशीत कळा. चतुरानं डब्यातल्याच गोळ्या काढल्या. अर्धवट मारून सोडलेले जंतू त्यांना कशाला भीक घालतील? तू गाडी काढलीस पाचव्या दिवशी. तोवर विष रक्तात भिनलं होतं. शुद्ध हरपेपर्यंत ती मला विचारत होती, "आत्याबाई, आबा भायेर बसल्यात का?"

माझेही हात स्वच्छ नाहीत. दिवाळीत तुझ्याच ओट्यावर बसून मी म्हणाले होते, सून किती मर्यादशील, दिवसभर दिसतसुद्धा नाही. नन्सच्या शाळेत शिकलेली, नर्स म्हणून निवृत्त झालेली मी!

आता उत्तर. पायलला जाऊन चार महिने झाले नाहीत, आणि तिच्या नवऱ्यासाठी, सुमितसाठी, कऱ्हाटीच्या साखरबाईची नात हवी, मी चांगला शब्द टाकावा, म्हणतोस. साखरबाई काल चौकशीला आली होती. मी सगळं सांगितलं. वर म्हणाले, नातीला सणसरला ने, दोन तांबे पाणी पाज आणि ती कुठं जाते ते बघ. ती नातीला घेऊन गुरुवारी दुपारी येईल. ओट्यावरच बस.

नाइलाजानं तुझीच,
अक्का