आप्पांच्या पेटीतलं निळं पत्र

तंजावर

प्रिय सीता,

अक्षर ओळखू येणार नाही, म्हणून आधीच सांगतो. मी मुरली, तुझा अण्णा. तुला मराठीत लिहायची ही माझी पहिलीच वेळ. नागरी अक्षरं गेल्या चार महिन्यांत गिरवली, सदुसष्टाव्या वर्षी. भुवना हसते. म्हणते, जन्मभर मराठी म्हणून मिरवलात, आता नवऱ्याला पाटी आणून द्यायची वेळ आली. चुका असतील, पण कोणाकडून सुधारून घेणार नाही. हे पत्र मला एकट्यालाच लिहायचं आहे.

एक्केचाळीस वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस. आप्पांच्या तेराव्याला आलीस, भुवनाच्या हातची कॉफी घेतलीस आणि माझ्याकडे न बघता स्टेशनवर गेलीस. आप्पांनी घर वारसा मंडळाला दिलं, त्याचा तुला राग आहे, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तसं मानणं सोयीचं होतं.

तर त्या घराची बातमी. पोंगलनंतर ते लोकांना बघायला उघडायचं आहे. रस्त्याकडच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, आपण सोंगट्या खेळायचो ना, तिचे खांब पुसून तेल लावून उभे आहेत. भिंतींना जुन्या पद्धतीचाच चुना दिला, हिरडा आणि गूळ भिजवलेल्या पाण्यात मळून. सेतुमाधव आता मंडळाचा अध्यक्ष आहे. कोणी सिमेंटचं नाव काढलं की अंगावर येतो. गवंडी त्याच्या माघारी त्याला ‘चुनाम्बु सार’ म्हणतात, म्हणजे चुनासाहेब. मुत्तमातून, म्हणजे आपल्या मधल्या चौकातून, सकाळचं ऊन तुझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत अजून येतं. तिथे फलक लावलेला नाही. काय लिहावं ते सुचलं नाही.

मग आप्पांच्या कागदांच्या पेट्या उघडल्या. मंडळात आम्ही अकरा जण, आणि नागरी वाचणारं एकही नाही. वारसा मराठ्यांचा आणि फलक तामिळ-इंग्रजीत, अशी आमची तऱ्हा. शेवटी विनुताला बोलावलं. ही पुण्यात शिकून आलेली, इथे कॉलेजात शिकवते. ती एकेक कागद वाचायची, मी वहीत तामिळमध्ये टिपून घ्यायचो. लग्नाच्या याद्या, पत्रिका, कोणाच्या तरी पोटदुखीवरचा काढा. चौथ्या पेटीत निळं आंतर्देशीय पत्र निघालं. दोन ओळी वाचून ती थांबली आणि सीतालक्ष्मी तुमची कोण, असं तिने विचारलं.

तुला आठवत असेल, लग्नानंतर निरोप देताना आप्पांनी तुला बजावलं होतं, आता महाराष्ट्रात चाललीस, तामिळात लिहायचं नाही. तू ऐकलंस. तुझी पत्रं गुरुराजकाका वाचून दाखवायचे, कारण आपल्या घरात वाचता येणारे तेवढे एकच. एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या श्रावणात काका गेले. तुझं हे पत्र कार्तिकात आलं. तुझे दिवस भरत आले होते. आप्पांनी चष्मा पुसून अक्षर अक्षर जुळवलं आणि त्यांना एकच शब्द लागला, ‘बाळ’. पुढचं वाचायची त्यांना गरजच वाटली नाही. सगळ्या गल्लीत साखर वाटली.

पाठशाळेच्या शास्त्रींना सहज वाचता आलं असतं. सायकलवर दहा मिनिटं. पण मराठी वारसा मंडळाच्या अध्यक्षांना लेकीचं मराठी पत्र वाचता येत नाही, हे गावाला कळलं असतं, म्हणून आप्पा गेले नाहीत. आणि सायकल माझी होती, सीता. मीही गेलो नाही. उलट बाजारात जाऊन चांदीचा करदोडा आणला, झबली घेतली आणि पार्सल तुला पाठवलं. वर तामिळमध्ये चिठ्ठी लिहिली, मामाचा रंग घेऊ नको म्हणावं. पुढे कोणाकडून तरी बाळ गेल्याचं कळलं तेव्हा आम्हाला वाटलं, नंतर काहीतरी झालं असेल. ते पार्सल तू कसं उघडलं असशील?

पत्रात चारच ओळी होत्या. बाळ राहिलं नाही. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. अण्णा, मला न्यायला ये. मी वाट बघते. विनुताने विचारलं, हे काचेच्या पेटीत ठेवायचं का. मी नाही म्हणालो आणि खिशात घातलं. मंडळाची मी केलेली ही पहिली चोरी. मी वाचूनही आलो नाही असं तू इतकी वर्षं समजत आलीस. मी वाचलंच नव्हतं. माफी मिळावी म्हणून हे सांगत नाही, कारण वाचून न येणं वाईट की वाचायचे कष्टच न घेणं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सत्तावीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. अठ्ठावीसला साताऱ्यात पोचेन. तुला आता न्यायचं तरी कुठे? तिथे तुझी मुलं-नातवंडं आहेत, इथलं घर आपलं राहिलेलं नाही. मला सगळं कळतं. तरी एकदा तुझ्या दारात उभं राहून, सीता, मी न्यायला आलो आहे, एवढं म्हणू दे. मग तू दार लावून घेतलंस तरी चालेल.

तुझाच,
मुरली अण्णा